पिठातली पट्टी

"पिठात गोळी मळली गेली म्हणजे?" सासूबाई डब्यातून माझी गोळ्यांची पट्टी उपसत पुटपुटल्या. लपवायची जागा त्यांनीच ठरवलेली. धाकट्या दिराची तीच गोळी मात्र जेवणाच्या टेबलावर उजळ माथ्याने मिरवायची. त्याला ती फिटसाठी, मला मनासाठी. डॉक्टर म्हणाले होते, ही गोळी मेंदूतल्या पेशींमधली सोडियमची दारं आवरते, आजाराचं नाव विचारत नाही. "बरी झालीस, बंद कर आता," हे सासूबाईंचं पालुपद. मागे एकदा ऐकलं आणि थेट इस्पितळात पोचले. तेवढ्यात नव्या शेजारीणबाई आल्या. सासूबाईंनी पट्टी परत पिठात खुपसली. मी ती काढली, झटकली आणि सगळ्यांदेखत गोळी गिळली. "अगंबाई, तुझ्या दिरासारखीच गोळी?" शेजारीणबाई म्हणाल्या. "तुलाही फिट येते?" "हो ना, कधीमधी," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. टेबलाशी जेवत बसलेल्या दिराला ठसका लागला. "नाही हो काकू," मी म्हणाले, "मला मनाचा आजार आहे."