दोनच रकाने

पहिले अपत्य : सुजाता जीवन तायडे.
दुसरे अपत्य : सिद्धांत जीवन तायडे.
तिसरे अपत्य : असा रकानाच फॉर्मवर नव्हता.

फैजपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या पप्पांनी पेनला टोपण लावलं, तेवढ्यात तिसरीतली संघमित्रा खांद्यावरून डोकावली.

"पप्पा, माझं नाव?"

"अगं, शाळेच्या फीवर करसवलत दोनच मुलांची मिळते. तुझी फी सगळ्यांत कमी, म्हणून तुझी पावती राहिली."

"मग माझी फी वाढवा!"

"आहे तीच भरताना कंबर मोडली, माय."

संघमित्राने आपली पावती उचलली आणि गाल फुगवून ओट्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने सिद्धांतने आतून हाक मारली, "ए विनासवलत, जेवायला ये!"

"सवलतवाल्यांनाच वाढा!" बाहेरून उत्तर आलं.

तेवढ्यात यावलच्या दवाखान्यात नर्स असलेली मम्मी ड्यूटी संपवून आली. ओट्यावरच सगळी तक्रार ऐकून तिने पर्समधून आपल्या नोकरीचा तसाच फॉर्म काढला, पावती मागून घेतली आणि फॉर्मवर एकच नाव लिहिलं.

"पप्पांच्या कागदावर ते दोघं दाटीवाटीने बसलेत," ती म्हणाली, "माझ्या कागदावर तू एकटी. ऐसपैस."

संघमित्रा तो कागद घेऊन घरभर मिरवून आली.

पाच मिनिटांनी पप्पांसमोर सुजाता आणि सिद्धांत हाताची घडी घालून उभे होते.

"पप्पा, आमची नावं खोडा. आम्हाला मम्मीच्या कागदावर जायचंय."