अजगराची खोली

मिनेसोटातल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही आर्विड घरातला हीटर वाढवू द्यायचा नाही. बायको मर्ना कुडकुडायला लागली की म्हणायचा, "अजून एक स्वेटर चढव की."

त्या हिवाळ्यात मुलगा कर्टिस कामासाठी दक्षिणेत गेला आणि आपला पाळीव अजगर त्यांच्याकडे ठेवून गेला. अजगराच्या काचेच्या पेटीतला उबेचा दिवा पुरेना. कोरड्या हवेने अजगराची कात अर्ध्यावर अडकली, तसा आर्विडचा जीव कासावीस झाला. त्याने अख्खी खोली तापवली, हीटरवर पाण्याचं पातेलं ठेवलं. मर्नाने गुपचूप आपली खुर्ची तिथे हलवली.

मार्चमध्ये कर्टिस अजगराला न्यायला आला.

"त्याला राहू दे," मर्ना म्हणाली. "त्याच्यामुळे घरात ऊब आहे. कुणाला न्यायचंच असेल, तर तुझ्या बाबांना ने."