खोकडांना मानवलेला वास

हौसानं खोकडांसाठी ठेवलेल्या जंताच्या गोळ्यांना महिनाभर फक्त मुंग्या लागल्या. माळावरची खोकडं माणसाचा वास पारखूनच गोळी खात, म्हणून गोळ्या बनवणारं यंत्र त्या ठेवणाऱ्या प्रत्येकीच्या अंगाचा वास तिच्या गोळ्यांत भरायचं. खोकडांना आवडायची ती हौसाची थोरली जाऊ, शेवंता. तिच्या अर्ध्या माळावर एक गोळी शिल्लक राहत नसे. आणि पुढच्या वर्षी दोघींपैकी एकीलाच कामावर ठेवणार होते.

हौसानं गुपचूप शेवंताचं अंगावरून उतरवलेलं लुगडं यंत्राला हुंगवलं. पंधरवड्यात हौसाच्या बाजूच्या खोकडांच्या विष्ठेत जंताचं अंडंसुद्धा सापडेना.

गोळ्यांचं काम बघणाऱ्या डॉक्टर तांबोळींनी यंत्रातली नोंद वाचली. "शेवंताबाई, दोन्ही बाजूंना तुमच्याच वासाच्या गोळ्या. एकटीनं सगळा माळ सांभाळलात की."

शेवंतानं नाही म्हटलं नाही. पदर तेवढा सारखा केला.

हौसाला गप्प बसता आलं असतं. चोरीचं कुणी विचारलंच नव्हतं.

"तिकडच्या गोळ्या मी ठेवल्या, डॉक्टर," ती म्हणाली. "वास जाऊबाईंचा चोरला. हवं तर चोर म्हणून लिहा, पण नाव माझं लिहा."