शिट्टीचं एकच मत

"एका मतानं पडलो मी! कुसुमताईच्या शिट्टीला वॉर्डात एकच मत पडलंय, ते तुझंच," दीर यमुनेवर खेकसला. "आता कपबशीवाले पाच वर्षं आपल्या डोक्यावर मिरे वाटतील."

"हो, माझंच! नळासाठी तालुक्याला खेटे त्यांनी घातले, तुमच्या पॅनेलनं नाही." ती तरातरा निघाली.

वाटेत मात्र तिचा पाय अडखळला. एकच मत? मग कुसुमताईंचं स्वतःचं कुठं गेलं?

कुसुमताई उरलेली प्रचारपत्रकं चुलीत घालत होत्या. यमुनेनं विचारलं, तशी त्यांनी मान खाली घातली.

"मी थोडीच निवडून येणार होते? कपबशी पडावी म्हणून तुझ्या दिरालाच दिलं. मत वाया कशाला घालवायचं?"

यमुना कडाडली, "आला का दीर निवडून? तुमचं वाया गेलंच, माझंही तुम्ही घालवलंत!"