शाफ्टला गुंडाळलेले केस

महाडला सावित्रीच्या काठावर मुरारी घराच्या पुढच्या खोलीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. एका दुपारी अनिल आपलं जुनं इंजिन घेऊन आला. खालच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरून तेल ताकासारखं पांढरं झालं होतं.

मुरारीने पंखा काढला. मागे, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला लांब काळे केस गुंडाळलेले होते आणि त्यांचं टोक पाणी अडवणाऱ्या रबरी सीलमधून आत गेलं होतं.

"यांनीच सील कापलंय," म्हणत त्याने ते पक्कडीने ओढले.

"आई गो!" दाराबाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली त्याची बायको आवडी ओरडली. "माझं केस कोन ओढतंय?"

तिच्या मागे कुणीच नव्हतं.

मुरारीने केस पुन्हा, अगदी हलकेच ओढून पाहिले. आवडीची मान मागे कलली.

त्याने पक्कड खाली ठेवली. "हे काम माझ्याच्यानं होनार नाय, अनिल. घेऊन जा."

अनिलने केसांकडे पाहिलं, मग आवडीकडे. तो हसला.

"खरंच रे? बघू तरी."

मुरारी त्याचा हात धरणार, तोच अनिलने पक्कड उचलून शाफ्ट धरला आणि गरकन फिरवला.

आवडी ओट्यावरून उलटी फरफटत दारातून आत, इंजिनाकडे ओढली गेली. अनिल फिरवतच राहिला.