मंगळवारचं अत्तर

दुबईहून लेकीनं, नसरीननं, अत्तर पाठवलं होतं. सोबतच्या पत्राला अल्लाउद्दीनचाचांनी अजून उत्तरच दिलं नव्हतं. "अब्बा, अंगावर कसं वाटतंय?" काय लिहिणार? शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला जाताना दाढीला लावलं, तर अंगाच्या उबेनं दिवसभर बासुंदीचा वास दरवळत राहिला. लाजून त्यांनी बाटली ट्रंकेत ठेवून दिली.

डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. तरी मंगळवारी चाचांनी कापूरहोळच्या हॉटेलात वाटीभर बासुंदी रिचवलीच. घरात पाऊल टाकताच बायकोनं, झुबेदाबींनी, हुंगलं.

"अवो, बासुंदी खाल्ली न्हवं?"

"छे! नसरीनचं अत्तर हाय ते."

"आज कुठं जुम्मा हाय?"

"पोरीची लई आठवण आली गं."

झुबेदाबींनी पदरानं डोळे टिपले.

दुसऱ्याच दिवशी चाचांनी भोरच्या पोस्टात उत्तर टाकलं:

"बेटा, हल्ली तुझी आठवण रोज येते. आणखी चार बाटल्या पाठव."