पूजेचं पुसायचं नसतं

साक्षीदाराला जिना चढता येत नव्हता, म्हणून न्यायाधीशच कोर्टाच्या आवारात उतरले. साक्षीदार म्हणजे शरयूताई केळुसकरांची आपोआप चालणारी नवी गाडी. दसऱ्याच्या सकाळी तिनं ताईंच्या यजमानांना, दिनकररावांना चिरडलं होतं, आणि ताईंनी कंपनीवर दावा लावला होता.

"समोर माणूस दिसला नाही?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"नाही," गाडी नम्रपणे म्हणाली. "ताईंनी पूजेत माझ्या कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं. साहेबांनी नारळ फोडल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, चल, लिंबांवरून घे."

"म्हणजे डोळे ताईंनीच झाकले आणि हुकूमही त्यांचाच!"

नारळाची शकलं वेचायला वाकलेले दिनकरराव ताईंना पुन्हा दिसले. "अहो, पण तिला कॅमेरा पुसायची सोय होती की!" त्या कशाबशा म्हणाल्या.

"होती ना. मी पुसायलाच लागले होते. साहेब म्हणाले, थांब गं, पूजेचं पुसायचं नसतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग हलगर्जीपणा मयताचाच दिसतो."

मयताची हरकत नव्हती. सगळे जेवायला गेले.

ताई एकट्याच उरल्या. कॅमेऱ्यावरचं वाळलेलं कुंकू पुरावा म्हणून तसंच ठेवलेलं होतं. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि ते पुसून काढलं.

गाडीचे दिवे लागले.

"आता स्वच्छ दिसतंय, ताई," ती म्हणाली आणि दिनकररावांच्या बाजूचं दार अलगद उघडलं. "साहेब कुठे दिसत नाहीत ते? आले की निघू."